पहिला मजला नेमका कुठला?

भारतात रेल्वेने प्रवास केलेल्या प्रत्येकाने ती पिवळी पाटी पाहिलेली असते. काळ्या ठळक अक्षरांत स्टेशनचं नाव आणि खाली बारीक अक्षरांत 'समुद्रसपाटीपासून उंची' अमुक मीटर. गाडी थांबली की आपण नाव वाचायचो, चहावाल्याला हाक मारायचो आणि तो आकडा सोडून द्यायचो. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच आहे म्हणे. असेल बुवा! पण कुठल्या समुद्राच्या? आणि पुण्यात समुद्र आणला कुणी मोजायला?

प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. आज विमानतळावर किंवा मोठ्या हॉस्पिटलात फोन उघडला की आतला नकाशा दिसतो. कुठल्या मजल्यावर कुठलं गेट, कुठली लिफ्ट, सगळं. असे नकाशे तयार करणं हे माझं रोजचं काम. ते करताना संगणक प्रत्येक इमारतीसाठी आणि प्रत्येक मजल्यासाठी एक आकडा मागतो: एलिव्हेशन, म्हणजे उंची. एवढासा चौकोन, त्यात एक संख्या भरायची. पण ती कुठून मोजायची हे ठरवायला माणसाला तीनशेहून जास्त वर्षं लागली आहेत. यंदाच्या अंकासाठी म्हटलं त्या शून्याचीच गोष्ट सांगावी.

आम्सटरडॅमचे संगमरवरी दगड

समुद्राची पातळी मोजायची खरी गरज पडली ती समुद्राला घाबरणाऱ्यांना, म्हणजे डच लोकांना. सतराव्या शतकात आम्सटरडॅम शहर बांध आणि पाण्याचे दरवाजे यांच्या भरवशावर उभं होतं. बांध किती उंच हवा हे ठरवायचं तर पाणी किती वर चढतं हे माहीत हवं, आणि सगळ्यांनी ते एकाच खुणेपासून मोजायला हवं. त्या वेळी शहराचे महापौर होते योहानेस हुड्डे. हे गृहस्थ मूळचे गणिती. (महापौर गणिती असण्याचे फायदे बघा!) भरतीच्या पाण्याची मोजमापं घेऊन १६८४ च्या सुमारास शहराच्या पाण्याच्या दरवाज्यांमध्ये संगमरवराचे आठ दगड बसवले गेले. प्रत्येकावर एक आडवी रेघ आणि मजकूर: बांधाची उंची, शहराच्या पातळीपेक्षा नऊ फूट पाच इंच वर. आठांपैकी एक दगड आजही जागेवर आहे.

'शहराची पातळी' ही कल्पना पुढे हॉलंडभर पसरली, मग शेजारच्या जर्मनीने उचलली. म्हणजे एका शहराच्या गरजेतून निघालेलं शून्य अर्ध्या युरोपचं शून्य झालं.

आपल्याकडे: डोंगर आधी, समुद्र नंतर

हिंदुस्थानची मोजणी १८०२ साली मद्रासजवळ विल्यम लॅम्बटन यांनी सुरू केली. हीच पुढे 'ग्रेट ट्रिगॉनॉमेट्रिकल सर्व्हे' म्हणून प्रसिद्ध झाली. जमिनीवर एक रेघ काटेकोर मोजायची आणि मग कोन मोजत त्रिकोणांमागून त्रिकोण जोडत जायचं, अशी ती पद्धत. उंचीही कोनांवरूनच काढायची. याच हिशेबांतून १८५२ च्या सुमारास राधानाथ सिकदार या बंगाली गणितज्ञाने 'शिखर क्रमांक १५' हे जगातलं सर्वांत उंच शिखर असल्याचं दाखवून दिलं. सर्व्हेचे प्रमुख अँड्र्यू वॉ यांनी १८५६ मध्ये आकडा जाहीर केला: २९,००२ फूट. आणि शिखराला नाव मात्र दिलं आपल्या आधीच्या साहेबांचं, जॉर्ज एव्हरेस्ट यांचं. राधानाथबाबूंच्या वाट्याला इतिहासातली तळटीप आली.

शंभराहून जास्त मैलांवरून, कोन मोजून काढलेला हा आकडा आश्चर्य वाटावं इतका अचूक होता. तरी कोनाने काढलेल्या उंचीत हवेमुळे किरण वाकण्याचा घोळ असतोच. म्हणून १८५८ पासून वेगळं काम सुरू झालं. आपला गवंडी वापरतो त्या पाणसळीचंच तत्त्व, फक्त त्यावर दुर्बीण बसवलेली. एक मोजपट्टी मागे उभी करायची, एक पुढे, मधे दुर्बीण. दोन्हींवरचे आकडे वाचायचे, वजाबाकी करायची, की मागच्या जागेपेक्षा पुढची किती वर हे कळतं. मग सगळं उचलून थोडं पुढे जायचं आणि पुन्हा तेच. असं करत करत समुद्रापासून देशभर! वाटेत ठिकठिकाणी दगडावर, देवळाच्या पायरीवर, पुलाच्या कठड्यावर खुणा कोरल्या. 'जी.टी.एस. बी.एम.' अशी अक्षरं कोरलेले दगड आपल्याकडच्या जुन्या गावांतून अजून सापडतात.

आता समुद्र. समुद्र काही एका जागी बसत नाही. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी, त्यात अमावस्या-पौर्णिमेचा फरक, पावसाळ्याचा फरक. शिवाय चंद्राच्या कक्षेचं एक चक्र पुरं व्हायला साडेअठरा वर्षांहून अधिक काळ लागतो. म्हणून एखाद्या बंदरात पाण्याची उंची वर्षानुवर्षं नोंदवायची आणि सरासरी काढायची. मुंबईत गेटवे ऑफ इंडिया आहे तिथे, अपोलो बंदरावर, १८७८ पासूनच्या भरती-ओहोटीच्या नोंदी आहेत. म्हणजे गेटवे बांधायच्या कितीतरी आधीपासून!

अखेर १९०९ साली सगळ्या मोजणीचा मेळ घातला गेला. कराची, मुंबई, कारवार, बेपूर, कोचीन, नागपट्टणम, मद्रास, विशाखापट्टणम आणि ओडिशाच्या किनाऱ्यावरचं फॉल्स पॉइंट, अशा नऊ ठिकाणची सरासरी पातळी 'शून्य' धरली. या नऊ ठिकाणी समुद्र तंतोतंत एका पातळीत नसतो. पण कुठेतरी हात टेकायला हवा म्हणून तसं मानलं. रेल्वेच्या पाटीवरच्या आकड्यामागे ही नऊ बंदरं आणि पन्नास वर्षांची पायपीट उभी आहे.

एव्हरेस्टची उंची पुढेही बदलत राहिली. १९५५ मध्ये भारतीय सर्व्हेने ८,८४८ मीटर सांगितली. २००५ मध्ये चीनने बर्फ सोडून फक्त खडकाची ८,८४४.४३ मीटर सांगितली. २०२० मध्ये नेपाळ आणि चीनने मिळून ८,८४८.८६ मीटर जाहीर केली. काही फरक नव्या उपकरणांचा होता. पण काही फरक 'वर कुठपर्यंत आणि खाली कुठून' या प्रश्नाचा होता.

चोपन्न सेंटिमीटरची भानगड

शून्य वेगळं असेल तर काय होतं याचं झकास उदाहरण युरोपातच घडलं. ऱ्हाइन नदीवर लाउफेनबुर्ग नावाचं गाव आहे. नदीच्या एका काठावर जर्मनी, दुसऱ्या काठावर स्वित्झर्लंड. दोन्ही बाजूंनी पूल बांधायला घेतला, मधे भेटायचं असं ठरलं. जर्मन उंची आम्सटरडॅमच्या समुद्रापासून मोजलेली, तर स्विस उंची फ्रान्सच्या मार्सेय बंदरातल्या भूमध्य समुद्रापासून. दोन्ही शून्यांत २७ सेंटिमीटरचा फरक. हे इंजिनिअरांना माहीत नव्हतं असं मुळीच नाही. त्यांनी तो फरक हिशेबात धरलाही. पण अधिकच्या जागी वजा झालं! २००३ मध्ये लक्षात आलं की दोन टोकं ५४ सेंटिमीटरने चुकताहेत. मग जर्मन बाजूचं काम खाली घ्यावं लागलं. पुढच्या वर्षाखेरीस पूल सुरू झाला आणि तो आजही उत्तम चालतो.

सांगायचं काय, तर दोन्ही देशांचे आकडे आपापल्या जागी बरोबर होते. गोंधळ झाला तो आकड्यात नव्हे, दोन शून्यांच्या मधे.

अमेरिकेतही हेच. इथे १९२९ मध्ये अमेरिका आणि कॅनडाची मिळून २६ ठिकाणं धरून समुद्रसपाटी ठरवली, अगदी आपल्या नऊ बंदरांसारखी. नंतरच्या, १९८८ चं साल नावात असलेल्या पद्धतीत कॅनडातल्या क्युबेकमधलं एकच ठिकाण पक्कं धरलं. त्यामुळे त्याच जागेची उंची जुन्या कागदावर वेगळी आणि नव्या कागदावर वेगळी दिसते. नदीकाठी किंवा किनाऱ्यालगत घर घेताना पुराच्या विम्याचे कागद हातात आले, तर उंचीच्या आकड्यापुढे कुठलं साल लिहिलंय ते जरूर बघा.

घराचं शून्य, शहराचं शून्य

आता समुद्रावरून घरी येऊ. गवंडी घर बांधताना समुद्र बघत नाही. तो जोतं बघतो. प्लास्टिकच्या पारदर्शक नळीत पाणी भरून दोघं जण दोन टोकं धरतात. दोन्हीकडे पाणी एका पातळीत आलं की खांबांवर रेघ मारतात. मग फरशी, खिडकी, दार, छप्पर, सगळं त्या रेघेपासून. हे त्या घराचं खाजगी शून्य. समुद्र कुठे का असेना, घराचं काही अडत नाही.

घर आणि समुद्र यांच्यामधे कधी कधी शहराचंही एक शून्य असतं. मुंबई महापालिकेच्या गटारांच्या आणि नाल्यांच्या नकाशांत उंची दिली जाते ती 'टाउन हॉल डेटम'पासून. टाउन हॉल म्हणजे एशियाटिक सोसायटीची ती रुंद पायऱ्यांची, खांबांची इमारत, जी १८३३ मध्ये पुरी झाली. ही शून्यं एकमेकांशी जुळलेली असणं किती गरजेचं, हे २६ जुलै २००५ ला कळलं. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. अशा वेळी जोतं रस्त्यापेक्षा किती वर, रस्ता नाल्यापेक्षा किती वर आणि नाल्याचं तोंड भरतीच्या पाण्यापेक्षा किती वर, एवढंच विचारायचं असतं. त्यातला एक आकडा जरी वेगळ्या शून्यापासून मोजलेला असेल, तर बाकीच्या आकड्यांचा उपयोग नाही.

मजले मोजायची पद्धत

त्यात भर मजल्यांची. मुंबईत तळमजला, मग पहिला माळा. इंग्लंडातही तसंच. अमेरिकेत मात्र रस्त्यावरून आत शिरलात की तुम्ही फर्स्ट फ्लोअरवर! जिना न चढता पहिला मजला गाठायची सोय फक्त याच देशात, असं आपण नवीन आल्यावर म्हणायचो. पण जरा थांबा. आपण 'दुमजली घर' म्हणतो तेव्हा तळ आणि वरचा एक असे दोन मोजतो. 'तिमजली वाडा' म्हणजे तळ धरून तीन. म्हणजे मजले किती हे मोजताना आपण अमेरिकन, आणि कितवा हे सांगताना इंग्रज! एकाच मराठीत दोन्ही हिशेब सुखाने नांदतात, कारण ऐकणारा आपल्यातलाच असतो.

संगणक आपल्यातला नसतो. शिवाय इथे कित्येक उंच इमारतींत तेरावा मजलाच नसतो, बाराच्या वर थेट चौदा. हॉंगकाँगच्या कित्येक इमारतींत चार आकडा गाळतात. कुठे लॉबी, कुठे मेझनीन, कुठे पी-१, पी-२. उतारावर बांधलेलं हॉस्पिटल असेल तर पुढच्या दाराने शिरलात की तुम्ही पहिल्यावर आणि मागच्या दाराने शिरलात की तिसऱ्यावर. शेजारच्या जुन्या इमारतीला जोडणारा पूल असेल, तर एका टोकाला पाटी 'चार' आणि दुसऱ्या टोकाला 'दोन', आणि मधे एक पायरीसुद्धा नाही!

म्हणून आतले नकाशे बनवणाऱ्यांनी शहाणपणा केला आणि तीन गोष्टी वेगळ्या काढल्या. एक, मजल्याचं नाव, म्हणजे लिफ्टच्या बटणावर जे छापलंय ते. दोन, मजल्याचा क्रम. ॲपलने तयार केलेल्या आणि पुढे सार्वजनिक झालेल्या नकाशा-पद्धतीत जमिनीलगतचा मजला नेहमी शून्य, वरचे एक, दोन, तीन, तळघर उणे एक. भाषा किंवा देश कुठलाही असो, क्रम तोच. आणि तीन, मजल्याची उंची मीटरमध्ये. गंमत बघा, क्रमाच्या बाबतीत संगणकाने शेवटी आपला तळमजलाच शून्य मानला.

उंचीच्या चौकोनात काय भरायचं?

समजा, इमारतीच्या जागची जमीन समुद्रसपाटीपासून ५२ मीटर वर आहे. लॉबी ५ मीटर उंच, पुढचे मजले प्रत्येकी ४ मीटर. इमारतीच्या स्वतःच्या हिशेबाने मजल्यांची उंची ०, ५, ९, १३ अशी येते. समुद्राच्या हिशेबाने ५२, ५७, ६१, ६५. दोन्ही बरोबर. पण इमारतीच्या चौकोनात ५२ भरून वर मजल्यांच्या चौकोनातही ५२, ५७ भरलं, तर पायाच दोनदा मोजला जातो आणि पडद्यावर इमारत जमिनीपासून ५२ मीटर वर हवेत तरंगते. उलट काहीच भरलं नाही तर टेकडीवरची इमारत टेकडीच्या पोटात गाडली जाते. बघायला गमतीशीर वाटतं, पण लाउफेनबुर्गचीच ही भावंडं.

यात उपग्रह तिसरंच शून्य घेऊन येतात. जीपीएसला समुद्र ठाऊक नसतो. ते पृथ्वीचा एक गुळगुळीत, किंचित चपटा गोल कल्पून त्याच्यापासून उंची मोजतं. खरा समुद्र मात्र गुरुत्वाकर्षणाप्रमाणे कुठे त्या गोलाच्या वर, कुठे खाली असतो. श्रीलंकेच्या दक्षिणेला तो शंभराहून अधिक मीटर खाली आहे, जगातला सर्वांत मोठा खड्डा तो! त्यामुळे मुंबईच्या चौपाटीवर पाय भिजवत उभं राहिलात तर जीपीएसची कच्ची उंची साठेक मीटर उणे येते. न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर तीसेक मीटर उणे. फोन हे दुरुस्त करून दाखवतो म्हणून आपल्याला कळत नाही.

बऱ्याच फोनमध्ये आता हवेचा दाब मोजणारा छोटासा बॅरोमीटरही असतो. साधारण आठ मीटर वर गेलं की दाब एक मिलिबारने कमी होतो. म्हणजे एका मजल्याला अर्ध्या मिलिबारहून कमी. पण वादळ येणार असेल तर बसल्या जागी दाब कितीतरी मिलिबारने उतरतो. त्यामुळे जवळच्या, उंची माहीत असलेल्या ठिकाणाशी ताडून पाहिल्याशिवाय बॅरोमीटरवरही विसंबता येत नाही. पुन्हा तेच: खूण पक्की हवी.

हे सगळं कशासाठी?

गेट सापडलं नाही तर फार तर विमान चुकेल. पण ९११ ला फोन केला आणि माणूस सापडला नाही तर? वीस मजली इमारतीत पत्ता बरोबर आहे, दार बरोबर आहे, पण मजला माहीत नाही, तर मदतीला आलेल्यांनी जावं कुठे? म्हणून अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने नोव्हेंबर २०१९ मध्ये नियम केला: इमारतींच्या आतून केलेल्या मोबाईल फोनची उभी जागा चाचण्यांत ८० टक्के वेळा ३ मीटरच्या आत यायला हवी. तीन मीटर म्हणजे जवळपास एक मजला.

पण हा आकडा मागितला गेला तो उपग्रहांच्या त्या काल्पनिक गोलापासूनचा. फायरब्रिगेडच्या माणसाला 'उणे १४ मीटर' असं सांगून काय उपयोग? त्याला हवा असतो 'सातवा मजला, लिफ्टमधून डावीकडे'. तो आकडा मजल्यात बदलायचा तर त्या इमारतीच्या प्रत्येक मजल्याची उंची कुणीतरी आधी नोंदवून ठेवलेली हवी, आणि कुठल्या शून्यापासून तेही लिहिलेलं हवं. कंटाळवाण्या वाटणाऱ्या त्या छोट्या चौकोनाचं मोल हे आहे. घराचं शून्य आणि जगाचं शून्य यांची गाठ तिथे बांधली जाते. ती गाठ सैल राहिली तर वरचे सगळे मजले एकदम चुकतात.

आपल्यापुरतं सांगायचं तर दोन कामं या दिवाळीत करता येतील. भारतातून आई-बाबा आले असतील आणि तुम्ही अपार्टमेंटमध्ये राहत असाल, तर फोनशेजारच्या कागदावर पत्ता आणि अपार्टमेंटच्या नंबरासोबत मजलाही इथल्या पद्धतीने लिहून ठेवा. 'फर्स्ट फ्लोअर' म्हणताना त्यांच्या मनात एक जिना चढून आलेलं घर असेल, तर मदत खालीच थांबेल. आणि दुसरं, तुमच्या ऑफिसात किंवा मुलांच्या शाळेत आतले नकाशे होत असतील, तर एकच प्रश्न विचारा: 'शून्य कुठे धरलंय?' उत्तर पटकन आलं तर समाधानाने चहा घ्या. नाही आलं, तर उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.

सगळ्या वाचकांना दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा! पणत्या मात्र नेहमीप्रमाणे तळमजल्यापासूनच लावायला घ्या.